एका पाखराचं एक पाकीट

आत्यानं कधी कुणाची माफी मागितल्याचं गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. दुरुस्त केलेलं घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडलं आणि गिऱ्हाईक ते परत घेऊन आलं, तर ती डोळ्यावरचं भिंग न काढता त्याच्याकडे अशी बघायची की गिऱ्हाईकच ओशाळून म्हणायचं, "माझ्याच हातून पडलं असेल हो." मग ती ते घड्याळ फुकट दुरुस्त करून द्यायची. माफी मात्र नाही.

दुकान एका माणसाच्या रुंदीचं. दोघं आत आले तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. भिंतीवर वीसेक घड्याळं टांगलेली, आणि कुठल्याही दोहोंची वेळ जुळेल तर शपथ. टेबलावर झाकणाच्या बारक्या डब्यांची रांग. घड्याळ उघडलं की त्याचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चाक त्याच्याच डबीत. एका घड्याळाची एक डबी, हा तिच्या वडिलांनी घालून दिलेला नियम, आणि तो तिनं पन्नास वर्षं एकदाही मोडला नव्हता.

टेबलामागच्या फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते. त्यांत घड्याळं नव्हती, पिसं होती. आत्याला दुकानाखेरीज एकच नाद होता, तो पाखरांचा. गावाबाहेरच्या तळ्यावर थंडीच्या सुरुवातीला परीट पक्षी येत. काळा-पांढरा, चिमणीहून जरा लांब, आणि शेपटी सतत वर-खाली आपटणारा, जणू धुणं धुतोय. चार हजार किलोमीटर उडून यायचे आणि थंडी सरली की तेवढंच उडून परत जायचे. आत्या रीतसर परवाना काढून, केसासारख्या बारीक दोऱ्याचं जाळं लावून त्यांना पहाटे पकडायची, पायात नंबराची कडी घालायची आणि सोडून द्यायची. एकतीस वर्षं. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्यांना ती सांगायची, "वेळ कुठं होता? दिवसा घड्याळं, पहाटे पाखरं."

बारकी ही तिच्या भावाची धाकटी मुलगी. वय वर्षं अडतीस, वजन विचारू नये असं, पण घरादाराला ती अजून बारकीच. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती आणि गेली तीन वर्षं तिच्या डोक्यात एकच भुंगा होता. तळ्याच्या काठावर ट्यूबलाइटचा कारखाना होता. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. कारखान्याचं सांडपाणी तळ्यात येतं, तळ्यातले मासे गावात घरोघरी शिजतात, आणि पोटात गेलेला पारा लहान मुलांच्या मेंदूला काय करतो हे बारकीला नको तितकं ठाऊक होतं. पण दर महिन्याला बाटली भरून आणावी, तर पाणी आपलं स्वच्छ. ती बाटली भरायला येणार हे कारखान्याला तिच्याआधी कळायचं.

"पाणी वाहून जातं गं," आत्या एकदा म्हणाली होती. "तू महिन्यातून एकदा येतेस. माझं पाखरू पाच महिने त्या चिखलातलेच किडे खातं. त्याला विचार की."

आणि फळीवरचा एक डबा काढून तिनं बारकीसमोर ठेवला. हा प्रसंग साधा नव्हता. याआधी दोन विद्वान ती पिसं मागायला आले होते आणि दोघांनाही आत्यानं दारातूनच घड्याळ दाखवून परत पाठवलं होतं. डब्यात गेल्या हंगामाची त्रेचाळीस पाकिटं होती. प्रत्येकावर कडीचा नंबर आणि दोन तारखा, आत दोन पिसं.

"जपून," एवढंच ती म्हणाली.

बारकीनं जपूनच केलं. पिसं धुतली, वाळवली, वजन केलं, आम्लात विरघळवली, मशीनला दिली. पारा सापडला. फार नाही, पण नको तेवढा. तिनं अहवाल लिहिला, प्रदूषणाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीनं सुनावणी लावली, आणि बारकीला वाटलं, जिंकलो.

मग कारखान्याच्या वकिलांचं उत्तर आलं. पानभर पत्राचा सारांश असा: हे पक्षी चार हजार किलोमीटरवरून येतात. वाटेत काय खातात, कुठे पितात देव जाणे. त्यांनी आणलेल्या पाऱ्याला आमच्या अशिलाला जबाबदार धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

बारकी ते पत्र नाचवत दुकानात आली तेव्हा आत्या एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसली होती.

"वाच! म्हणे पाखरांनी बाहेरून आणला!"

आत्यानं वाचलं आणि ती चक्क हसली. "बरोबर विचारतायत की. मग सांग ना त्यांना."

"काय सांगू?"

"अगं, दोन पिसं कशासाठी दिली तुला? पाखरू आलं की मी त्याच्या शेपटीचं उजव्या कडेचं एक पीस उपटते. ते तिकडं उगवलेलं असतं, तिकडचं खाऊन. महिन्याभरात त्या जागी नवं येतं, इकडचं खाऊन. परत जायच्या आधी तेच पाखरू पुन्हा जाळ्यात आलं तर त्या नव्या पिसाचं टोक कातरून घ्यायचं. उपटायचं नाही, दूरचा प्रवास असतो बिचाऱ्याचा. पहिलं पीस तिकडचं, दुसरं इकडचं. दोन्ही ताडून बघ, पारा कुठला ते पाखरूच सांगेल."

बारकी खाली बसली. बसायला स्टूल होतं म्हणून बरं. समोर बसलेल्या या सातवी शिकलेल्या बाईनं मोठमोठ्या पदव्यांना सुचू नये असं काहीतरी एका चिमट्याच्या जोरावर एकतीस वर्षं चालवलं होतं, आणि ते किती सुंदर आहे हे बारकीला ज्या क्षणी कळलं त्याच क्षणी दुसरंही कळलं.

"आत्या," ती म्हणाली, "मी दोन्ही पिसं एकाच नळीत टाकली."

"कुठल्या पाखराची?"

"सगळ्यांची. एक पाकीट म्हणजे एक नमुना, असं आम्हाला शिकवतात. मला वाटलं, तू वजन भरावं म्हणून दोन दिलीस. दुसरी तारीख पुन्हा तपासल्याची असेल."

आत्यानं चिमटा खाली ठेवला. मनगटी घड्याळाचं झाकण लावलं, चारही स्क्रू एकेक करून पिळले. बारकीला वाटलं, ओरडली असती तर परवडलं असतं.

"त्रेचाळीस पाखरं," आत्या शेवटी म्हणाली.

"वेगवेगळ्या पाकिटांत का नाही ठेवलीस मग? वर लिहायचं तरी!" बारकीचा आवाज चढला, कारण चूक आपली असली की माणसाचा चढतोच.

"लिहायचं काय त्यात? हात लावला की कळतं. तिकडचं पीस ताठ असतं, इकडचं घाईनं उगवलेलं, मऊ." आत्याचाही चढला. "आणि एका घड्याळाचे भाग दोन डब्यांत टाकून चालेल का? एक पाखरू, एक पाकीट. वडलांपासून हेच आहे."

दोघी एकाच रक्ताच्या. कुणीच मागे हटेना. शेवटी भिंतीवरची घड्याळं आपापल्या सोयीनं ठोके द्यायला लागली आणि भांडण त्यात बुडालं.

"सुनावणी कधी?" आत्यानं विचारलं.

"बारा दिवसांनी."

"पाखरं आठवड्याभरात जातील. या वर्षीची बावन्न पाकिटं अर्धी भरलेली आहेत, तिकडचं पीस आत आहे. इकडचं अजून पाखरांच्या शेपटीत. उद्या पहाटे पाचला ये. आणि तो वास मारणारा साबण लावून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी तळ्यावरून परस्पर प्रयोगशाळेत जाऊन बारकीनं मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तेवढी सरळ जावीत इतकीच त्यांची इच्छा.

"चूक कुणी विचारली आहे का?" ते म्हणाले.

"नाही."

"मग सांगता कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. अहवाल आहे तसा राहू दे. समिती काय तो निर्णय घेईल."

"तसा राहिला तर कारखाना सुटेल, साहेब."

"आणि चूक कबूल केलीत तर तुमच्या प्रत्येक जुन्या अहवालावर बोट ठेवतील. मग कारखाना सुटेल आणि तुम्हीही सुटाल, नोकरीतून. विचार करा."

बारकीनं विचार केला. खरं सांगायचं तर पुष्कळ केला, आणि पहिले दोन दिवस साहेबांचंच तिला पटत होतं. पण रोज पहाटे ती तळ्यावर जात होती, आणि तिथं जे दिसत होतं त्यापुढे साहेबांचं म्हणणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं.

सत्तरीला टेकलेली आत्या गुडघाभर चिखलात उभी असायची. पाखरू जाळ्यात आलं की तिचे ते गिऱ्हाइकांना धाक दाखवणारे हात एकदम निराळे व्हायचे. दोन बोटांत मान, तळव्यात पाठ, आणि पाखरू गप्प. तिसऱ्या दिवशी सापडलेल्या एका परिटाची कडी घासून गुळगुळीत झाली होती. आत्यानं भिंग लावून नंबर वाचला.

"म्हातारा आला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा मऊ झालेला बारकीनं कधी ऐकला नव्हता. "याला मी सात वर्षांपूर्वी कडी घातली. जाऊन-येऊन छप्पन्न हजार किलोमीटर झाले याचे. वजन बघ."

काटा वीस ग्रॅमवर थांबला. झिजून गेलेल्या साबणाच्या वडीएवढं. तेवढ्या जिवानं डोंगर, वाळवंट, वादळं ओलांडायची, दर वर्षी त्याच तळ्याच्या त्याच काठाला यायचं, आणि वर शेपटीत सगळा पुरावा सांभाळायचा, डाव्या बाजूला तिकडचा आणि उजव्या बाजूला इकडचा. बारकीला त्याच्यापुढे आपली भीती सांगायचीही लाज वाटली.

आत्यानं कातरीनं उजव्या कडेच्या पिसाचं टोक घेतलं, खालच्या ओठावरून एकदा फिरवलं आणि मान हलवली. पन्नास वर्षं स्क्रू पिळून बोटांची टोकं दगड झाली होती. बारीक गोष्ट ती ओठानंच पारखायची.

"इकडचं. किती मऊ आहे बघ," ती म्हणाली. बारकीनं "पाखरू धरू दे" म्हणून हात पुढे केला, तर आत्यानं म्हाताऱ्याला सरळ आकाशात सोडून दिलं. "तुझे हात बाटल्यांचे. पाखराचे नाहीत अजून."

सहा पहाटांत बावन्नपैकी चौदा पाखरं पुन्हा मिळाली. सातव्या दिवशी काठ रिकामा होता. सगळी गेली होती.

बारकीनं या वेळी प्रत्येक पिसाची स्वतंत्र नळी केली. वर नाव, तारीख, नंबर. आणि शहाणपण उशिरा का होईना आलं असल्यामुळे, प्रत्येक पिसाचा नखाएवढा तुकडा न विरघळवता बाजूला ठेवला. आकडे आले तेव्हा ती मशीनसमोर उभीच राहिली. तिकडच्या पिसांत पारा नावापुरता. इकडच्या पिसांत सहापट, सातपट, म्हाताऱ्याच्या पिसात नऊपट. चौदांतलं एक पाखरू मात्र उलटं निघालं, त्याचं तिकडचंच पीस भरलेलं. तो आकडाही तिनं अहवालात जसाच्या तसा लिहिला. साहेबांनी सही करायला पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि केली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, आणि खिडकीच्या पट्टीवर दोन कबूतरं. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. चष्म्याच्या वरून बघायची त्यांची सवय पाहून आत्यानं बारकीच्या कानात सांगितलं, "बाई कामाची दिसते."

बारकी उभी राहिली. पहिलंच वाक्य तिनं बोलून टाकलं. "माझा पहिला अहवाल चुकीचा आहे. दोन ठिकाणी उगवलेली पिसं मी एकत्र तपासली. चूक माझी आहे, प्रयोगशाळेची नाही." मग तिनं चौदा पाखरांचं सगळं सांगितलं, त्या उलट्या पाखरासकट.

वकील उठले. त्यांना जणू ताटच वाढून मिळालं होतं. "म्हणजे बाईंना एकदा कुठलं पीस कुठलं हे कळलं नाही. आज कळलंय, हे कशावरून? पाकिटं भरली कुणी, तर एका घड्याळवालीनं. तीही यांची आत्या. तिकडचं इकडं आणि इकडचं तिकडं झालं असेल तर सांगणार कोण?"

"मी," मागून आत्या म्हणाली.

खोलीत हशा पिकला. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं. "कसं सांगाल?"

"ओठ लावून."

आता हशा आणखी मोठा झाला. बाईंनी हात वर करून तो थांबवला, आत्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि बारकीनं राखलेले तुकडे मागून घेतले. त्यांतले दहा निवडून त्यांनी आपल्या हातानं पांढऱ्या कागदावर मांडले, कुठला कुठल्या पिसाचा ते वेगळ्या कागदावर लिहून तो पालथा घातला. मध्येच त्या खिडकीपाशी जाऊन आल्या, कारकुनाकडून कातर मागून घेतली. वकील मान उंचावून बघत होते आणि जे दिसलं ते त्यांना आवडलेलं दिसलं.

आत्या टेबलाशी आली. घड्याळ उघडताना बसायची तशीच ताठ बसली. पहिला तुकडा उचलून डोळे मिटून ओठावरून फिरवला.

"तिकडचं."

दुसरा. "इकडचं." तिसरा. "इकडचं. हा म्हातारा." चौथा, पाचवा, सहावा. न्यायाधीशबाईंची पेन्सिल खूण करत चालली होती आणि खोलीतले लोक हळूहळू पुढे सरकत होते. नववा, दहावा. आत्यानं हात खाली ठेवले.

"आणखी एक राहिलंय," बाई म्हणाल्या.

आत्यानं अकरावा तुकडा उचलला. ओठाला लावला. थांबली. पुन्हा लावला. तिच्या कपाळाला आठी पडली, आणि वकिलांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हे तिकडचंही नाही आणि इकडचंही नाही," ती म्हणाली. "बाई, थट्टा करता का म्हातारीची? हे तुमच्या खिडकीतलं कबूतर आहे." आणि पदरानं तिनं खसाखसा ओठ पुसला. "तेही धुतलेलं नाही."

या वेळी पहिल्या हसल्या त्या न्यायाधीशबाई. वकील म्हणाले, "पण ओठ लावणं हे काही शास्त्र नव्हे."

"नव्हेच," बाई म्हणाल्या. "शास्त्र यांच्या मशीनमध्ये आहे. पिसांची अदलाबदल झाली असती तर कळली असती का, एवढंच मला बघायचं होतं. दहाच्या दहा बरोबर आहेत, अकरावंसुद्धा." मग त्या बारकीकडे वळल्या. "आणि तुम्ही ते उलटं पाखरू लपवलं नाहीत, याचीही मी नोंद घेतली आहे."

आदेश तीन आठवड्यांनी आला. कारखान्याचं गटार बंद, तळ्यातला गाळ कारखान्यानंच काढायचा, तोवर मासेमारी थांबवून मच्छीमारांना भरपाई. आणि शेवटचं कलम असं, की गटार खरोखर बंद राहिलं की नाही हे बाटल्यांवरून न ठरवता पुढच्या हंगामात पाखरांच्या पिसांवरून ठरवावं. बाटलीची तारीख कारखान्याला आधी कळते. पाखरांच्या पोटात काय जातं ते कुणालाच ठरवता येत नाही.

थंडीच्या सुरुवातीला एका पहाटे दोघी तळ्यावर उभ्या होत्या. बारकीनं साबण लावला नव्हता. बाकावर तो बिस्किटांचा डबा होता, झाकण लावलेला. जाळ्यात पहिलं पाखरू आलं, आत्यानं ते अलगद सोडवलं, कडी उजेडाला धरली आणि नंबर दोनदा वाचला.

"म्हातारा?" बारकीनं हळूच विचारलं.

"आठवं वर्ष," आत्या म्हणाली. मग तिनं बारकीचा हात ओढला, बोटं लावून दिली, दोन बोटांत मान, तळव्यात पाठ, आणि पाखरू तिच्या हातात ठेवलं. केवढंसं ते, आणि केवढं धडधडत होतं. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

"रडायचं नंतर. हा चिमटा घे. उजव्या कडेचं, मुळाशी धर, सरळ ओढ."

बारकीनं ओढलं. पीस आलं. तिनं ते ओठाला लावून पाहिलं. ताठ होतं. तिकडचं. याच जागी आता इकडचं उगवेल, आणि थंडी सरताना ते सांगेल की गटार बंद आहे की नुसतंच कागदावर बंद आहे. म्हातारा हातातून उडाला, काठावर उतरला आणि काही झालंच नाही अशा थाटात शेपटी आपटायला लागला.

"पाकीट?" बारकीनं हात पुढे केला.

आत्यानं डबा उघडला. आत कोऱ्या पाकिटांच्या दोन थप्प्या होत्या, दोन वेगळ्या दोऱ्यांनी बांधलेल्या. एका थप्पीतल्या प्रत्येक पाकिटावर आत्याच्या ठसठशीत अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, "तिकडचं". दुसरीतल्या प्रत्येकावर, "इकडचं". शंभर तरी असतील. लिहायला दोन-तीन दुपारी गेल्या असणार.

बारकीनं आत्याकडे पाहिलं. आत्या जाळ्याकडे बघत होती.

"बघत काय बसलीस?" ती म्हणाली. "नंबर लिही, दुसरं पाखरू आलंय."